पुतळ्यांची माळ

"सर, डुकॅट म्हणजे किती रुपये?"

तौलनिक साहित्याच्या तासाला शेक्सपिअरची मराठी रूपांतरे शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, आगरकरांनी 1883 साली हॅम्लेटला 'विकारविलसिता'त आणले, ही माहिती मुले निमूटपणे उतरून घेतात. पण व्हेनिसच्या व्यापाऱ्याची गोष्ट निघाली की वर्ग जागा होतो. पैशाचा व्यवहार आला, की मागच्या बाकावर डुलक्या घेणाराही कान टवकारतो. शायलॉकने अँटोनियोला तीन हजार डुकॅट दिले, मुदत तीन महिन्यांची. न फेडल्यास अंगावरचे एक पौंड मांस. आता एक पौंड मांस सगळ्यांना कळते, तीन हजार डुकॅट मात्र कळत नाहीत.

मी फळ्यावर हिशेब मांडतो. व्हेनिसचा डुकॅट म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ निखळ सोन्याचे नाणे. तीन हजारांचे झाले साडेदहा किलो सोने. वर्गातून एक बारीकशी शीळ येते. मग मी म्हणतो, "आणि ह्या डुकॅटला मराठी नाव आहे, बरं का. पुतळी."

हे माझे पदरचे नाही. तांबड्या समुद्राच्या वाटेने व्हेनिसचे हे नाणे आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतके येत राहिले, आणि त्याच्यावरच्या माणसांच्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. जुन्या कोशांत त्या शब्दापुढे व्हेनिसचे सोन्याचे नाणे हा अर्थ दिलेलाच आहे. पुढे सोनारांनी तसलेच ठसे पाडून माळा घडवल्या, आणि खरे नाणे मागे पडून दागिना तेवढा राहिला. नाण्याच्या एका बाजूला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला मुख्य सत्ताधीश, संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारतो आहे. आमच्या आजीला ना डोज ठाऊक, ना मार्क. ती म्हणे, "बघ, एक देणारा आहे, एक घेणारा. कोण कुठला ते मात्र कळत नाही."

आजीच्या माळेत एकवीस पुतळ्या होत्या. 'होत्या' असे म्हणतो, कारण माझ्या जन्माच्या आधीपासून ती माळ आमच्या घरात नव्हतीच. 1974 साली आत्याच्या लग्नासाठी ती गावातल्या सावकारांकडे बाराशे रुपयांवर गहाण पडली होती.

त्या वेळचे आमचे नायगाव आज कोणाला दाखवून पटायचे नाही. भाईंदरहून गाडी खाडीचा पूल ओलांडू लागली, की खाली पाणजू बेट दिसायचे, मग मिठागरांचे चौकोन, त्यांत पांढरे ढीग, आणि वाऱ्याला खारट वास. गाडीतून उतरणारी माणसे मोजता यायची. आता स्टेशनच्या पूर्वेला इमारतींचे रान उठले आहे आणि पुलावरून चालताना आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. मीही त्याच रानातल्या एका चौथ्या मजल्यावर राहतो. वीस वर्षांच्या हप्त्यांनी घेतलेल्या त्या घराची खरी मालकीण अजून बँकच आहे, हे सौभाग्यवतीने पडद्यांचा रंग ठरवताना मला कधी बोलू दिलेले नाही.

तर सावकार. त्यांची ओटी आमच्या घरापासून शंभर पावलांवर. दर महिन्याच्या दहा तारखेला व्याजाचे चोवीस रुपये घेऊन बाबा मला तिकडे पाठवीत. शेकडा दोन दरमहा. पावतीवर दर निराळाच असे, पण ते विचारायचे नाही, अशी मला ताकीद होती. सावकार पैसे मोजण्याआधी घसा साफ करीत, चिमूटभर तपकीर ओढीत, आणि "हिशेब हिशेबासारखा," असे म्हणून वहीत आकडा मांडीत. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मी ओटीवर उभा असलो की तो आतून येई आणि त्याच्या आईने दिलेले सुकेळे निम्मे तोडून माझ्या हातावर ठेवी. व्याज आणि सुकेळे अशी दोन्ही देवघेव एकाच ओटीवर चाले, आणि आम्हा दोघांना त्यात काही विशेष वाटत नसे.

आपल्याकडे दामदुपटीचा नियम फार जुना आहे. व्याज कितीही थकले, तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही. मोठा दयाळू नियम! पण तो व्याज थकवणाऱ्यांसाठी. आम्ही दर महिन्याला इमानाने चोवीस रुपये पोचते करीत होतो, म्हणून तो आमच्या कधी उपयोगी पडला नाही. बावीस वर्षांत आम्ही बाराशे रुपयांवर सहा हजार तीनशे छत्तीस रुपये व्याज भरले. हा गुणाकार मी मोठेपणी केला. बाबांनी तो कधी केला नसावा, किंवा रोज रात्री केला असावा.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर आणि नाटकाचे वेडे. दर दिवाळीत भाऊबिजेच्या रात्री मारुतीच्या देवळापुढे गावची हौशी मंडळी नाटक करीत. 1991 च्या दिवाळीत बाबांनी 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'ची गोष्ट वसईच्या खाडीत आणली. अँटोनियो झाला मिठाचा व्यापारी. त्याची गलबते वादळात सापडली. पोर्शियाचे काम कोळीवाड्यातल्या एका जवानाने केले. त्यासाठी त्याला मिशी काढावी लागली, आणि त्याच्या बायकोने आठवडाभर अबोला धरला. तराजू वाण्याच्या दुकानातला, सुरी मासळी कापायची. शायलॉकचा अर्थात सावकार झाला, आणि ते काम बाबांनी स्वतःकडे घेतले.

ज्यू वगळून सावकार आणण्यात बाबांनी काही बिघडवले, असे मला अजूनही वाटत नाही. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आले; शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडे पाहून शायलॉक कोणाला सुचला नसता. शेक्सपिअरने तरी ज्यू कितीसे पाहिले होते? इंग्लंडने 1290 मध्येच त्यांना देशाबाहेर घालवले होते, आणि हे नाटक त्यानंतर तीनशे वर्षांनी आले. न पाहिलेल्या माणसाचा राग करणे सोपे असते. आमच्या नाटकातला सावकार मात्र पहिल्या रांगेत, खुर्चीवर, छत्री मांडीवर आडवी ठेवून बसला होता.

बाबा रंगभूमीवर आले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी घसा साफ केला.

पटांगणात जो हशा उठला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. मग चिमूट नाकाकडे गेली. मग "हिशेब हिशेबासारखा." बायकांच्या बाजूने हसण्याची लाट आली. बाबा काखेत छत्री धरून सावकारांसारखे एक खांदा वर करून चालले, वहाणेच्या तळव्यावर सुरी परजू लागले, आणि लोक आडवे झाले. पोर्शियाने रक्ताचा एक थेंबही सांडता कामा नये असे बजावले, तेव्हा "कागद फाड! कागद फाड!" म्हणून सगळे पटांगण ओरडले. त्यात आमच्यासारखी दहा तारखेची माणसे किती असतील ते मी मोजले नाही. शेवटी बाबांनी मूळ नाटकात नसलेला एक भाग घातला होता. कुळांनी सावकाराची टोपी उडवली, छत्री हिसकावली आणि त्याला कान धरून रंगमंचावर तीन फेऱ्या घालायला लावल्या. प्रत्येक फेरीला टाळ्या.

माझा मित्र माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता. दुसऱ्या फेरीला तो उठला. मी वर पाहिले. त्याच्या तोंडाकडे पाहूनही माझे हसणे थांबले नाही. उलट तो पाहतो आहे म्हणून मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. बारा वर्षांचा होतो, हे खरे. पण काय करतो आहे ते मला पुरते कळत होते.

रात्री उशिरा बाबा तोंडाचा रंग पुसत बसले होते. आजी जागीच होती. ती म्हणाली, "टोपी उडवलीस ते बरं केलंस. माळ सुटली का रे त्यानं?" बाबा काही बोलले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी दहा तारीख आली. चोवीस रुपये मुठीत धरून मी ओटीवर उभा राहिलो. सावकारांनी घसा साफ केला नाही. तपकिरीची डबी शेजारी होती, पण तिला हात लावला नाही. नोटा मोजल्या, वहीत मांडल्या आणि म्हणाले, "मास्तरांना सांग, काम फार छान केलंत. एक मात्र चुकलं. मांस मागणारा सावकार धंद्यात टिकत नाही. कूळ जगलं पाहिजे." आतून कोणी आले नाही. सुकेळेही नाही. पुढच्या जूनमध्ये मित्राला मामाकडे मुंबईला शाळेत घातले.

कूळ जगलं पाहिजे. हे वाक्य मी पुढे कितीतरी पुस्तकांतून शोधले, आणि इतके नेमके कुठेच सापडले नाही. शायलॉक खरा सावकारच नव्हता, असे मला त्या वाक्यानंतर वाटू लागले. नाटकात तो देतो ते एकुलते एक कर्ज बिनव्याजी आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? पुढे दरबारात त्याच्यापुढे मुद्दलाच्या तिप्पट रक्कम येते आणि तो ती झिडकारतो. आमच्या सावकारांनी नऊ हजार डुकॅट झिडकारले असते, अशी कल्पनासुद्धा करवत नाही. शायलॉकला सूड हवा आहे, आणि सूड हवा असलेला माणूस हिशेबाला निकामी होतो.

पण मग सूड मिळाला कोणाला? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गापुढे टाकतो. शायलॉकच्या हाती काय लागले? मुलगी पळाली, जाताना पेटी घेऊन गेली. बायकोने लग्नापूर्वी दिलेली अंगठी त्या मुलीने एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली, हे ऐकून तो कळवळतो. साडेदहा किलो सोने एका बाजूला आणि ती अंगठी एका बाजूला. शेवटी निम्मी मालमत्ता हातची गेली, उरलेली मरणानंतर त्याच मुलीला नि जावयाला लिहून द्यायची, वर धर्मही बदलायचा. एक थेंब रक्त सांडले नाही आणि माणूस सोलून निघाला. टोपी उडवण्याचा प्रवेश बाबांनी पदरचा घातला असे मी मघाशी म्हटले; नीट वाचले तर तो मूळ नाटकातच आहे.

आपले कायदे जाणणारा एखादा विद्यार्थी वर्गात निघतोच. तो म्हणतो, "सर, आपल्याकडे हा खटला पाच मिनिटांत संपला असता." खरे आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे असला करार मुळातच रद्दबातल. रक्ताच्या थेंबाची हुशारी हवी कशाला? पण त्याच कायद्याच्या राज्यात, पुऱ्या तीन वर्षांनी, आपल्या मुलखात जे घडले ते मी मग सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, इकडे शेतसारा वाढलेला. पुणे नि नगरकडची कुळे मारवाडी आणि गुजर सावकारांच्या वह्यांत गळ्यापर्यंत बुडाली. कोर्टात गेले तर कोर्ट कागद पाही, आणि कागदावर अंगठा असे. शिरूर तालुक्यातल्या करड्यात सावकारांवर बहिष्कार पडला, आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या आठवडी बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले.

मला ह्या दंग्यातली एक गोष्ट नेहमी थांबवते. बहुतेक ठिकाणी लोकांनी सावकारांचे रोखे, खते, वह्या मागितल्या. मिळाल्या की चावडीपुढे जाळल्या आणि ते घरी गेले. माणसांच्या अंगाला हात फार क्वचित लागला. पोर्शियाने शायलॉकपुढे हात पसरून जे मागितले, कागद फाडू दे, तेच ते मागत होते. 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याची मुभा दिली, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. सावकारी काही बंद झाली नाही. पन्नास वर्षांनी, 1925 मध्ये, बाबूराव पेंटरांना 'सावकारी पाश' हा मूकपट काढावासा वाटला, आणि सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याचे काम त्यात तरुण शांतारामांनी केले.

सुप्याच्या लोकांनी वह्या जाळल्या. आम्ही नायगावकरांनी वहीला हात लावला नाही. लावला असता तर माळ परत कशी मिळायची? आम्ही टोपी उडवली, आणि ती ज्याच्या पायाशी येऊन पडली तो बारा वर्षांचा होता.

1996 मध्ये बाबांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून माळ सोडवली. सावकारांनी लाल फडक्यात बांधलेली माळ समोर ठेवली आणि एकवीस पुतळ्या मोजून दिल्या. आजीने ती हातात घेतली, खिडकीशी नेली आणि म्हणाली, "ही आपली नव्हे." बावीस वर्षे सावकाराच्या पेटीत पडलेला दागिना इतका लखलखीत राहतो कसा? बदलली असणार. बाबांनाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी दोघे माळ घेऊन सोनाराकडे गेले. सोनाराने कस लावला, वजन केले, जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहिले. पूर्वीचीच माळ, गुंजभरही कमी नाही. आजीने ती घातली, पण घालताना प्रत्येक वेळी एकदा निरखून पाही. वारली तोपर्यंत तिची खात्री पटली नव्हती.

बाबा गेले, सावकारही गेले. आता बँकेच्या हप्त्याच्या तारखेला माझ्या खात्यातून पैसे आपोआप वळते होतात. चिरंजीवांना कुठल्या ओटीवर पाठवावे लागत नाही. बँकेची नक्कल करून कोणी हशा पिकवील असेही वाटत नाही. तिला घसाच नाही.

गेल्या महिन्यात नायगाव स्टेशनच्या पुलावर एका गृहस्थाने मला हाक मारली. केस विरळ झालेले, हातात कागदांची पिशवी. एक खांदा किंचित वर. तेवढ्यावरून ओळखला. इतकी वर्षे गुजरातेत नोकरी करीत होता. गावातले घर विकण्याच्या कामासाठी आला होता. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो आणि माणसे आमच्या अंगावरून जात राहिली. मी काय शिकवतो ते त्याने विचारले. मी सांगितले, आणि सांगता सांगता अडखळलो.

तोच म्हणाला, "मास्तरांचं ते नाटक मला अजून आठवतं. काम फार छान करायचे. अण्णा त्यानंतर कधी नाटकाला गेले नाहीत. तसे शौकीन होते रे. तुमच्या मंडळाच्या पडद्याचे पैसे त्यांनीच दिले होते."

"मंडळानं ते परत केले?"

"वहीत लिहिलेच नव्हते."

मला त्याला काही सांगायचे होते. चौतीस वर्षे ते तयार होते. वर्गात त्याच्याभोवती मी इतके बोललो आहे, की सरळ चार शब्दांत ते निघेना. मी म्हटले, "दिवाळीत घरी ये ना. आजीची पुतळ्यांची माळ अजून आहे आमच्याकडे. लक्ष्मीपूजनाला मांडतो आम्ही. तू बघ एकदा."

तो हसला. "बघितलीय की. लोकांचे सगळे दागिने आई दर दिवाळीला, वहीपूजनाच्या आधी, रिठ्याच्या पाण्यानं धुवायची. मी टॉवेल धरून बसायचो. तुमची माळ तिला फार आवडायची." खालून विरारची गाडी आल्याचा आवाज झाला. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "गळ्यात मात्र कधी घातली नाही तिनं. दुसऱ्याची होती ना."